पाच डॉलरचा चेंडू

कूपर्सटाउनला जाण्याचा बेत माझा नव्हता. माझा नातू दहा वर्षांचा आहे, न्यू जर्सीत लेकीच्या गावी तो शनिवारी सकाळी बेसबॉल खेळतो, आणि मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून त्याच्या पाण्याच्या बाटलीची राखण करण्यापलीकडे त्या खेळाशी माझा काहीही संबंध नव्हता. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याच्या हट्टापायी आम्ही चार तास गाडीत बसून न्यूयॉर्क राज्याच्या मधोमध असलेल्या त्या गावात पोचलो. ओट्सीगो नावाच्या लांबट सरोवराच्या दक्षिण टोकाला हे गाव वसलेले आहे, सस्क्वेहाना नदी तिथूनच उगम पावते, आणि वस्ती पुरती दोन हजारही नाही. तरीही त्याच्या मुख्य रस्त्यावर एकाआड एक दुकान बॅटींचे, टोप्यांचे आणि खेळाडूंची चित्रे छापलेल्या पत्त्यांचे आहे. देवळाच्या रस्त्यावर नारळ, उदबत्ती आणि प्रसादाची दुकाने लागावीत तसा तो प्रकार पाहून, आपण कुठल्या तरी क्षेत्राच्या ठिकाणी आलो आहोत हे मला कोणी सांगावे लागले नाही.

या क्षेत्राचे मुख्य स्थान म्हणजे बेसबॉलचे राष्ट्रीय संग्रहालय आणि त्याला जोडलेले हॉल ऑफ फेम, म्हणजे निवडून घेतलेल्या नामवंतांचे सन्मानदालन. 12 जून 1939 रोजी त्याचे उद्घाटन झाले, आणि ती तारीख योगायोगाची नव्हती, कारण बेसबॉलचा जन्म याच गावात 1839 साली झाला असे त्या वेळी अधिकृतपणे मानले जात होते आणि सगळा सोहळा त्या जन्माच्या शताब्दीचा होता. आत शिरताना मला एवढेच ठाऊक होते. बाहेर पडताना मात्र डोक्यात एकच वस्तू घोळत होती, आणि ती म्हणजे एक फाटका चेंडू.

तो चेंडू काचेच्या पेटीत आहे. आकाराने नेहमीच्या चेंडूपेक्षा लहान, पुरता गोलही नाही, रंगाने जुन्या चपलेसारखा काळपट तपकिरी. त्याचे कातडे एका बाजूला उसवलेले आहे आणि त्या फटीतून आत कोंबलेले कापड बाहेर डोकावते. नातवाला त्याच्यात काडीचा रस वाटला नाही. तो बेब रूथ या विख्यात खेळाडूच्या वस्तूंकडे पळाला, जावई त्याच्या मागे गेले, आणि मी मात्र त्या काचेपुढे इतका वेळ उभी राहिले की लेकीने येऊन विचारले, "आई, बरं वाटत नाही का?"

बरे वाटत नव्हते असे नाही. असा चेंडू मी स्वतः केलेला होता, एवढेच. सांगलीच्या गावभागात आमच्या वाड्यात रबरी चेंडू ही दिवाळीच्या सुमाराला मिळणारी आणि शिमग्याच्या आत विहिरीत जाणारी वस्तू होती. उरलेले वर्ष आम्ही चिंध्यांच्या चेंडूवर काढायचो. आजीच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या, त्यावर सुतळीचे उभेआडवे वेढे द्यायचे, आणि कोणाला सायकलच्या फुटक्या ट्यूबचा तुकडा मिळालाच तर त्याच्या चकत्या कापून वरून ताणून बसवायच्या. हा चेंडू उसळत नसे, फार लांबही जात नसे; पण त्याचा उपयोग उसळण्यासाठी नव्हताच. लगोरीत आणि त्याहून जास्त आबाधुबीत तो दुसऱ्याच्या पाठीत घालण्यासाठी होता. आम्ही त्याला शेकणे म्हणत असू. चेंडू डबक्यात पडून भिजला की कसा शेकतो, हे ज्याच्या पाठीने अनुभवले आहे त्याला त्या काचेतल्या चिंध्या पाहून काय वाटले असेल ते मी वेगळे सांगायला नको.

आता या चेंडूची कुळकथा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एक वाद रंगला होता. हेन्री चॅडविक नावाचे एक ज्येष्ठ क्रीडापत्रकार, जन्माने इंग्लंडमधल्या एक्सेटरचे, उघडपणे लिहीत की बेसबॉल हा आपण लहानपणी खेळलेल्या राउंडर्स या इंग्रजी खेळाचाच थोरला अवतार आहे. हे आल्बर्ट स्पॉल्डिंग यांना सोसवले नाही. स्वतः नावाजलेले गोलंदाज, म्हणजे त्यांच्या भाषेत पिचर, पुढे खेळाच्या सामानाचे मोठे व्यापारी आणि 1888-89 साली दोन संघ घेऊन ऑस्ट्रेलिया, कोलंबो आणि थेट पिरॅमिडांच्या पायथ्यापर्यंत बेसबॉल दाखवून आलेले हे गृहस्थ, आपला राष्ट्रीय खेळ इंग्रज पोरांच्या खेळातून आला हे कसे मान्य करणार? त्यांच्या पुढाकाराने 1905 साली एक समिती नेमली गेली, नॅशनल लीगचे माजी अध्यक्ष अब्राहम मिल्स यांना तिचे प्रमुख केले, आणि ज्यांना काही ठाऊक असेल त्यांनी कळवावे असे जाहीर आवाहन झाले.

त्याला उत्तर म्हणून डेन्व्हरच्या ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या एका वृद्ध खाण-अभियंत्याचे पत्र आले. आपण कूपर्सटाउनमध्ये वाढलो, आणि तिथे 1839 च्या सुमारास ॲबनर डबलडे या तरुणाने मातीत काठीने आकृती काढून आम्हा मुलांना हा खेळ शिकवला, असे त्यांचे म्हणणे होते. डबलडे पुढे यादवी युद्धात सेनापती झाला, फोर्ट सम्टरवर हल्ला झाला तेव्हा उत्तरेच्या बाजूने पहिली तोफ त्याने डागली, गेटिसबर्गला तो लढला; थोडक्यात, राष्ट्रीय खेळाला जन्मदाता हवा असेल तर त्याहून देखणा माणूस मिळणे कठीण होते. 1907 च्या डिसेंबरअखेर मिल्स यांनी त्याच्या नावावर शिक्कामोर्तब केले. त्या 1839 साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयात शिकत होता, पत्र लिहिणारे ग्रेव्ह्ज तेव्हा पाच वर्षांचे होते, आणि 1893 साली मरेपर्यंत डबलडेने हा खेळ आपण शोधला असे कधी चुकूनही म्हटलेले नव्हते, या गोष्टी कोणी तपासल्या नाहीत. मिल्स तर त्याला व्यक्तिशः ओळखत होते.

पुढे 1930 च्या दशकात, ऐन मंदीत, कूपर्सटाउनजवळच्या फ्लाय क्रीक या खेड्यातल्या एका घराच्या माळ्यावर जुनी पेटी सापडली. ती ग्रेव्ह्जची असल्याचे ठरले, तिच्यात हा चेंडू होता, आणि सिंगर शिवणयंत्राच्या संपत्तीचे वारस असलेल्या स्टीफन क्लार्क यांनी तो पाच डॉलरला विकत घेऊन 'डबलडेचा चेंडू' म्हणून गावात मांडला. त्या पाच डॉलरांभोवतीच पुढे हे संग्रहालय उभे राहिले. आज संग्रहालय स्वतःच डबलडेची गोष्ट ही दंतकथा आहे असे सांगते, आणि हॉल ऑफ फेममध्ये डबलडेला जागाही दिलेली नाही. गावातल्या क्रीडांगणाला मात्र त्याचे नाव अजून आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडला. दंतकथा खोटी ठरली म्हणून मूर्ती हलवणारी आणि खोटी ठरली तरी पोथी दडपणारी अशी दोन्ही प्रकारची देवस्थाने मी पाहिली आहेत. इथे मूर्तीही जागच्या जागी आणि खुलासाही शेजारीच.

पण दंतकथा खोटी म्हणून चेंडू खोटा होत नाही. डबलडेचा त्याला हात लागलेला नसेल, तो 1839 सालचा असेल-नसेल. तो कोणत्या प्रकारच्या खेळासाठी केला होता हे मात्र त्याच्या पोटातले कापडच सांगते. मिल्स समितीच्या कारभारातली मला सर्वांत गमतीची वाटलेली गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. मिल्स यांनी अहवालात असा तर्क लढवला की धावणाऱ्या गड्याला चेंडू मारून बाद करण्याची जुनी रानटी रीत बंद करणे हे डबलडेच्या शिस्तप्रिय सैनिकी डोक्यालाच सुचले असणार. आणि ज्या पत्राच्या आधारे हे सारे चालले होते त्या ग्रेव्ह्जच्या पत्रात नेमके उलट होते: दोन घरांच्या, म्हणजे बेसांच्या, मध्ये सापडलेल्या गड्याला ज्याच्या हाती चेंडू येईल त्याने फेकून मारावे आणि बाद करावे. म्हणजे म्हाताऱ्याला आठवत होती ती आबाधुबीच. मिल्सनी एकमेव साक्षीदाराची साक्षही नीट वाचली नव्हती.

चेंडू शेकण्याची रीत बंद झाल्याचा लेखी पुरावा न्यूयॉर्क शहरातला आहे. निकरबॉकर नावाच्या क्लबने 23 सप्टेंबर 1845 रोजी आपले नियम लिहून काढले. ते वीस नियम वाचताना मला सारखे वाड्यातले भांडण ऐकू येत होते. सामना एकवीस धावांचा, डावांच्या संख्येचा हिशेब नाहीच. चेंडू थेट झेलला किंवा एक टप्पा पडून झेलला, तरी गडी बाद. आपल्या गल्लीतले 'एक टप्पा आउट' न्यूयॉर्कच्या सभ्य गृहस्थांच्या लेखी नियमात होते आणि ते पुढे 1864 च्या अखेरीपर्यंत टिकले, हे मी नातवाला सांगितले तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिले. तेरावा नियम सगळ्यात महत्त्वाचा. धावणारा गडी घरात पोचण्याआधी चेंडू त्या घरावरच्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात आला, किंवा चेंडू हातात धरून गड्याला लावला, तर तो बाद. मात्र कोणत्याही परिस्थितीत चेंडू त्याच्या अंगावर फेकायचा नाही.

हा केवळ सभ्यतेचा नियम आहे असे वाटते, पण जिने चिंध्यांचा चेंडू केलेला आहे तिला त्यातली खरी गोम लगेच कळते. पाठीत मारायचा चेंडू मऊ आणि हलका असावाच लागतो, नाही तर संध्याकाळी कोणाची तरी आई भांडायला येते. अंगावर फेकायचा नाही असे एकदा ठरले की चेंडू कठीण करता येतो. कठीण चेंडू लांब जातो. लांब गेला की मैदान पसरते, मग क्षेत्ररक्षकांच्या जागा ठरवाव्या लागतात, फेकणाऱ्याचा हात मजबूत लागतो आणि तळहात सोलून निघू लागला की काही वर्षांनी हातमोजाही येतो. दोन गावांच्या नियमांत हे आकड्यांनीच दिसते. बोस्टनकडे खेळल्या जाणाऱ्या मॅसॅच्युसेट्स पद्धतीत गड्याला चेंडू मारण्याची मुभा कायम होती, आणि 1858 साली त्यांनी लिहिलेल्या नियमांप्रमाणे चेंडूचे वजन 2 ते 2¾ औंस, म्हणजे साधारण 57 ते 78 ग्रॅम असायचे. न्यूयॉर्कवाल्यांच्या 1857 च्या नियमांत तेच वजन 6 ते 6¼ औंस, म्हणजे 170 ग्रॅमच्या वर. दुपटीहून जास्त. यादवी युद्धानंतर न्यूयॉर्कची पद्धत देशभर पसरली आणि बोस्टनची मावळली. 1872 साली चेंडू 5 ते 5¼ औंसांचा ठरला, तो आजतागायत तेवढाच आहे, आणि त्यावरचे लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके अजूनही हातानेच घालतात.

निकरबॉकर क्लबात डॅनियल ॲडम्स नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्याविषयी वाचल्यावर मात्र मला अगदी घरचा माणूस भेटल्यासारखे झाले, कारण सुरुवातीची सहा-सात वर्षे चेंडू तयार करून देणारा कोणी मिळेना म्हणून हे डॉक्टर स्वतःच्या क्लबचेच नव्हे, इतर क्लबांचेही चेंडू घरी बसून वळत असत: आत रबराचे तुकडे, त्यावर लोकरीचे सूत, वरून कातडे. पुढे एका स्कॉटिश खोगीरवाल्याने घोड्याचे कातडे कसे चढवावे ते दाखवले. ते चेंडू अजून इतके हलके होते की मैदानाच्या टोकाहून फेकलेला चेंडू मध्येच दम टाकी, म्हणून तो मधल्यामध्ये घेऊन पुढे पोचवायला एक गडी उभा करावा लागला, आणि तो गडी म्हणजे आजचा शॉर्टस्टॉप. माझा नातू नेमका त्याच जागी खेळतो. ही जागा हलक्या चेंडूमुळे जन्माला आली हे त्याच्या प्रशिक्षकालाही ठाऊक नसावे, असा माझा संशय आहे.

डावांची संख्या नऊ, खेळाडू नऊ, घरांमधले अंतर 90 फूट, हे सगळे 1857 च्या क्लबांच्या परिषदेत ठरले आणि तिचे अध्यक्ष हेच ॲडम्स होते. खालच्या दालनात हॉल ऑफ फेमच्या मानकऱ्यांच्या ब्राँझच्या पट्ट्या लावलेल्या आहेत, तिथे मात्र हे तिन्ही शोध अलेक्झांडर कार्टराइट या दुसऱ्या निकरबॉकरच्या नावावर कोरलेले आहेत. कार्टराइट 1849 सालीच सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला आणि तिथून हवाईला गेला होता, आणि होनोलुलूत अग्निशमन दलाचा प्रमुख होऊन राहिला होता. म्हणजे डबलडेला उतरवून गादीवर बसवलेला दुसरा जन्मदाताही पुरता खरा नाही, आणि ॲडम्सना तर आत जागाच नाही. 2015 च्या मतदानात त्यांना सोळांपैकी दहा मते पडली, बारा हवी होती. चॅडविक मात्र आत आहेत, वाद हरूनही. ते आधी क्रिकेटचे वार्ताहर होते, आणि क्रिकेटच्या धावफलकावरूनच त्यांनी बेसबॉलचा तक्ता बेतला. आजही त्यात त्रिफळाचीतसारख्या बाद होण्याला के हे अक्षर लिहितात, ते 'स्ट्रक' या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून त्यांनीच घेतले असे मानतात. जावई लहानपणापासून क्रिकेटवेडे असल्यामुळे या पट्टीपुढे त्यांनी आपला फोटो काढून घेतला.

खरे तर जन्मदाता शोधण्याचा खटाटोपच व्यर्थ होता. लंडनमध्ये 1744 साली जॉन न्यूबेरीने छापलेल्या मुलांच्या एका पुस्तकात 'बेस-बॉल' या नावाची कविता आणि चित्र आहे, म्हणजे डबलडेच्या जन्माच्या पाऊणशे वर्षे आधी. अमेरिकेतला मला सर्वांत आवडलेला पुरावा मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावचा आहे. तिथे 1791 साली गावकऱ्यांनी ठराव केला की नव्या सभागृहाच्या खिडक्यांपासून 80 यार्डांच्या आत कोणी क्रिकेट, बेसबॉल वगैरे चेंडूचे खेळ खेळू नयेत. इतिहासकार जॉन थॉर्न यांना त्याचा धागा लागला आणि 2004 साली ते कागद उजेडात आले. हे वाचून मी एकटीच हसले. आमच्या वाड्याच्या मालकांनी जिन्यापाशी खडूने लिहिलेली ताकीद कोणी जपून ठेवली असती तर गावभागातल्या लगोरीलाही तेवढाच भक्कम पुरावा मिळाला असता.

निघण्यापूर्वी आणखी एका पट्टीपाशी थांबले. ती 2022 सालची. बड फाउलर हे त्यावरचे नाव. जन्मनाव जॉन जॅक्सन. 1858 साली फोर्ट प्लेन येथे एका कृष्णवर्णीय न्हाव्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा वाढला तो याच कूपर्सटाउनमध्ये. 1878 साली तो पैसे घेऊन गोऱ्यांच्या संघांत खेळू लागला, आणि व्यावसायिक बेसबॉल खेळलेला पहिला ज्ञात कृष्णवर्णीय खेळाडू तोच. दुसऱ्या घरावर उभे असताना गोरे धावपटू मुद्दाम खिळ्यांच्या बुटांनी त्याच्या नडग्या फोडत, म्हणून तो पायांना लाकडी पट्ट्या बांधून खेळत असे असे तेव्हाच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. एका गावी संघाने काढले की दुसऱ्या गावी, मध्ये पोटासाठी वस्तरा, असे आयुष्य काढून 1913 साली तो दारिद्र्यात गेला, आणि त्याच्या थडग्यावर 1987 पर्यंत साधा दगडही नव्हता. ज्याने हा खेळ शोधलाच नाही त्या सेनापतीच्या नावाने शताब्दी 1939 साली वाजतगाजत साजरी झाली तेव्हा, याच गल्ल्यांत चेंडू झेलायला शिकलेल्या या पोराची आठवण कोणाला आली नाही. नातवाने त्याच्या पट्टीवरून बोट फिरवले आणि नडग्यांची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली.

परतीच्या वाटेवर त्याने चिंध्यांच्या चेंडूचा विषय सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीची एक जुनी सुती ओढणी फाडून मी पट्ट्या केल्या; सुतळी मिळाली नाही, पण कुंड्यांतल्या वेलींना बांधायचा जाड दोरा होता. हात विसरले नव्हते. तिसऱ्या वेढ्यानंतर अंगठा आपोआप गाठीवर गेला. चेंडू झाल्यावर नातवाने तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, आणि काट्याने 72 ग्रॅम दाखवले.

"मॅसॅच्युसेट्स!" तो ओरडला, चेंडू माझ्याकडे टाकून मागच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाकडे धावत सुटला, आणि झाड चार पावलांवर असताना माझा चेंडू त्याच्या पाठीच्या मधोमध बसला. तो थांबला, पाठ चोळत वळला.

"आजी, असा रूल आहे?"

"होता," मी म्हणाले.